पाटीवरचा दहावा

हिंगणा, ६ जानेवारी २०२५

ती. मामांना मयुराचा नमस्कार.

तुमच्या कानांना फोन चालत नाही आणि बोटांना मोबाईल, त्यामुळे अख्ख्या एमआयडीसीत पोस्टाची तिकिटं विकत घेणारी मी एकटीच उरले आहे. आमच्या शेडचा मालक म्हणतो, "मॅडम, कोणावर केस करून राहिल्या तुम्ही?" मी म्हणते, मामावर.

बातमी मोठी आहे. आमचं यंत्र कोळशाच्या खाणीत बसतंय, आणि खाण कुठली म्हणाल तर तुमची चिचटोल्याची! वीस वर्षं बंद होती ना, ती आता एका नव्या कंपनीने घेतली आहे. सध्या रोज नऊ जण खाली उतरून जुने बोगदे मोजतात. त्यांच्या टोप्यांना आमचे बिल्ले लावलेत, काडेपेटीएवढे. बोगद्यात जागोजागी त्या बिल्ल्यांचा संकेत टिपणारी आमची पकडयंत्रं आहेत. कोण कुठे आहे ते वर खाणीच्या तोंडाशी आमच्या पाटीवर दिसतं. पाटी म्हणजे मोठा पडदाच, पण तुमची आठवण म्हणून मी तिला पाटी म्हणते.

३१ तारखेला कंपनीचे ओमप्रकाशजी स्वतः पाहायला येणार. जमलं तर सहा खाणींचं काम आमचं. नाही जमलं तर तीन वर्षं रक्त आटवून उभं केलेलं हे दुकान बंद, आणि आम्ही पाचही जण नोकरी शोधायला मोकळे. आई तर माझ्यासाठी शोधूनच बसली आहे.

सध्या नवउद्योजकांच्या वर्गालाही जाते. आमचे सुशील सर सांगतात, उद्योग उभा करणाऱ्यात पाच गुण हवेत. नकार पचवता यावा. निर्णय पटकन घेता यावा. भीती चेहऱ्यावर दिसू नये. समोरच्याला पटवता यावं. आणि जे चौकटीत बसत नाही ते सोडून देता यावं. माझ्यात किती आहेत ते तुम्ही सांगा, आईला विचारलं तर ती एकही सांगणार नाही.

आणि हो, तुम्ही तिथे तीस वर्षं बत्तीघरात बाबू होतात. तेव्हा माणसं कशी मोजायचात ते लिहा. पाहुण्यांसमोर सांगायला बरं पडेल.

तुमची,
मयुरा


सावनेर, १० जानेवारी

चि. मयुरास, तुझ्या मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. चिचटोल्याचं नाव वाचून चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तुझ्या अंगच्या गुणांचं म्हणशील तर हट्ट आहे, तो लहानपणापासून. मामीने पुरणपोळी दिली नाही म्हणून तू दुपारभर कोठीत बसली होतीस. नकार पचत नाही तुला. बाकीचे गुण सरांकडून शीक.

आमची पद्धत सोपी होती. प्रत्येक माणसाचं पितळेचं टोकन, त्यावर नंबर. खाली जाताना त्याने बत्तीघराच्या खिडकीत टोकन द्यायचं आणि टोपीचा दिवा न्यायचा. टोकन मी माझ्या पाटीवर त्याच्या खिळ्याला टांगायचो. वर आला की दिवा परत, टोकन परत. पाळी सुटली की पाटी रिकामी दिसली पाहिजे. एक जरी टोकन लोंबत असेल तर एक माणूस खाली आहे, म्हणजे बाबूने घरी जायचं नाही. पाटी रिकामी झाली की मी वहीत 'सर्व वर' लिहून सही करायचो. तीन पाळ्यांचे तीन बाबू, तिघांची हीच रीत.

तीस वर्षांत माझी पाटी एकदाही चुकली नाही. हे पाहुण्यांना खुशाल सांग.

दक्षिण बाजूला यंत्रं लावण्याच्या भानगडीत पडू नकोस. तिथे पाणी भरलेलं आहे, काही मिळायचं नाही.

तुझा,
महादेवमामा


हिंगणा, १७ जानेवारी

ती. मामा, नमस्कार.

तुमची टोकनांची गोष्ट सगळ्यांना आवडली. पण आमच्या पाटीला वेड लागलंय.

नऊ जण खाली जातात आणि पाटी दहा दाखवते. रोज. पहिल्यांदा वाटलं, भिंतीवर आपटून कुणाचा तरी संकेत दोनदा येतोय. हर्षित (आमचा प्रोग्रामवाला, तुम्ही त्याला आपल्या घरच्या लग्नात पाहिलंय, दोन ताटं जेवला होता तो) तीन दिवस खाली-वर करून दमला. पडसाद असता तर तो कुणाच्या तरी मागेमागे फिरला असता. हा दहावा आपल्याआपण फिरतो.

सकाळी आठच्या सुमाराला तो दक्षिण बाजूच्या तोंडाशी उमटतो. म्हणजे जिथे पाणी सुरू होतं आणि आमची यंत्रं संपतात, तिथे. मग सावकाश चालत मारुतीच्या कोनाड्याजवळ येतो. साडेबारा ते एकला दहा मिनिटं कमी, तिथेच बसतो. नंतर डोलीतळाशी, म्हणजे पाळणा जिथे माणसं घ्यायला उतरतो तिथे, जाऊन उभा राहतो. तीनला पाळी सुटते, नऊ जण वर येतात. तो उभाच. पाचपर्यंत उभा असतो, मग मावळतो. त्याच्या बिल्ल्याला नंबर नाही. नुसता ठिपका.

खालच्या लोकांना विचारलं तर ते हसतात. म्हणतात, "मॅडम, आम्हाले तर कोणी दिसलं नाही, पण तुमच्या मशीनले दिसून राहिलं असन तर त्याचीही हाजरी लावा."

मला हसू येत नाही हो. ३१ तारखेला ओमप्रकाशजींसमोर पाटीवर नसलेला माणूस दिसला तर ते आम्हाला उभं तरी करतील का? हर्षितने तोड काढली आहे: ज्या ठिपक्याला नंबर नाही तो पाटीने मोजायचाच नाही. चाळणी लावायची. सुशील सरही म्हणाले, "कोणती चूक आज दुरुस्त करायची आणि कोणती झाकून पुढे जायचं, हे ज्याला कळतं तोच टिकतो."

तरी माझा हात चालत नाहीये. तुमच्या वेळी त्या बाजूला काही होतं का? मारुतीच्या कोनाड्यापाशी डबा खायची पद्धत होती का?

मयुरा


सावनेर, २० जानेवारी

चि. मयुरा,

हर्षित म्हणतो ते कर. चाळणी लाव. मशीन आहे, चुकणारच.

खाणीतल्या जुन्या गोष्टी मला आता आठवत नाहीत. पुन्हा विचारू नको. थंडी फार आहे, छाती भरली आहे.

महादेव


हिंगणा, २५ जानेवारी

ती. मामा,

तुमचं पत्र चार ओळींचं आलं तेव्हा मला वाटलं, तब्येत बरी नाही, आणि मामांनी पाठीवर थाप मारली. २१ तारखेला चाळणी लावली. तीन दिवस पाटी अगदी शहाण्यासारखी वागली. नऊ खाली, नऊ पाटीवर. डोलीवर माणसं मोजणारा सरदारही डोकी मोजायचं सोडून पाटीकडेच बघू लागला, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटला!

काल, शुक्रवारी, तीनला पाळी सुटली. पाटी म्हणाली, आत शून्य. सगळे घरी गेले. चार वाजून दहा मिनिटांनी गेटवाल्याला एक स्कूटी दिसली. ती सुमतीची. सुमती कन्हानची, मोजणीच्या कामावर आहे, नऊ जणांत एकटी बाई. मोजणीची एक फेरी पुरी करायला ती मागे थांबली आणि खालीच राहिली होती.

तिच्या बिल्ल्यात पाणी गेलं, नंबर वाचला जाईना. बिननंबरी ठिपका म्हणून माझ्या चाळणीने तिला पुसून टाकलं. पाटीवर नवाचे आठ कधी झाले कुणी पाहिलं नाही. आठ वर आले, शून्य झालं. मामा, माझ्या यंत्राने एक जिवंत बाई खाली असताना कुणी नाही असं सांगितलं.

ती वर आली तेव्हा आम्ही सगळे डोलीशी उभे होतो. मला वाटलं ती रडेल, मला शिव्या देईल. ती अगदी शांत होती. तिनेच मला विचारलं, "ते काका काहून नाही आले वर?"

तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. डोलीतळाशी बाकावर एक माणूस बसला होता. तिला वाटलं पंपावरचा असेल. कोळशाने काळी झालेली टोपी, बूट ओले. ती घाबरली तशी तो म्हणाला, "काहून भेतं वं पोरी? महादेवबाबू पाटी पाह्यल्याबिगर घरी जात नाही. येतेच आता डोली." तिने विचारलं, तुम्ही कधीपासून बसून राहिले? तो म्हणाला, "आत्ताच तर पाळी सुटली." मग पाळणा आला. ती आत शिरली आणि त्याला चला म्हणाली. तो उठला नाही. म्हणाला, "तू जाय. माहं टोकन पाटीवर आहे. मले घ्यायले येतीन."

सुमतीचा जन्म झाला तेव्हा तुम्ही रिटायर व्हायला आला होतात. तिला तुमचं नाव माहीत असायचं काही कारण नाही.

मी चाळणी काढली आहे. दहावा पुन्हा आहे तिथेच आहे. सुमतीची गोष्ट वरपर्यंत गेलेली नाही. सरदाराची नोकरी जाईल म्हणून तो गप्प आहे, हर्षित म्हणतो आपणही गप्प राहावं, ३१ तारीख होऊन जाऊ द्यावी. मी काय करू ते मला माहीत नाही. पण त्याआधी मला तुमच्याकडून कळायला हवं. तो कोण आहे?

मयुरा


सावनेर, २८ जानेवारी

मयुरा,

हे पत्र पाचव्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीची चार चुलीत घातली.

त्याचं नाव रुपराव. टोकन नंबर दोनशे सतरा. राहणार कन्हानच्या अलीकडे, घरी बायको जिजाबाई. डबा मारुतीच्या कोनाड्यापाशीच खायचा, आधी एक घास देवापुढे ठेवून.

अठ्ठ्याण्णव सालचा पोळा. बैलांची पूजा घरी, दुसऱ्या दिवशी नागपूरला मारबतीची मिरवणूक. सणाच्या दिवशी पाळी सुटली की कामगार थांबत नसत. खिडकीशी रांग लावायच्या ऐवजी दिवे कोपऱ्यात ढीग करून टाकायचे आणि पळायचे, टोकनं दुसऱ्या दिवशी न्यायचे. नियमात बसत नव्हतं, पण सगळेच करायचे. मग आम्ही बाबू लोक काय करायचो, तर पाटीवर उरलेली टोकनं स्वतःच काढून ड्रॉवरमध्ये टाकायचो. पाटी रिकामी, वहीत सही.

त्या दिवशी चार टोकनं उरली होती. ढिगातले दिवे मोजायला हवे होते. मी मोजले नाहीत. घरी बैल धुवायचे होते. चारही टोकनं काढली, 'सर्व वर' लिहिलं आणि सायकल काढली. ढिगात दिवे तीनच होते. सणामुळे पुढच्या पाळ्या बंद होत्या आणि पंपवालाही गेला होता. रात्री जुन्या कामाचं पाणी फुटलं आणि दक्षिण बाजू बुडाली.

दुसऱ्या दिवशी रुपराव कामावर नाही, घरी नाही. साहेबांनी मला विचारलं. वहीत माझी सही होती. मी म्हणालो, वर आला होता, टोकन माझ्या हातून नेलं. ते मी ड्रॉवरमधून काढून घरी आणलं होतं. कागदावर लिहिलं गेलं, कामगार फरार. जिजाबाई चार वेळा बत्तीघराच्या खिडकीशी आली. चौथ्या वेळी मीच चिडून म्हणालो, "बाई, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं त्याले जाताना. कुठं गेला ते त्यालेच इचारा." गावाने ठरवलं, दुसरी बाई केली असेल. मी त्यालाही नाही म्हटलं नाही.

तुझ्या सरांचे गुण मी मोजून पाहिले. निर्णय पटकन घेतला. भीती चेहऱ्यावर दिसू दिली नाही. साहेबांना पटवलं, पोलिसांना पटवलं, जिजाबाईलाही पटवलं. जे चौकटीत बसत नव्हतं ते ड्रॉवरमध्ये टाकलं. पाचांपैकी चार होते बघ माझ्यात. मला लाज वाटते पोरी, आणि तुला चाळणी लाव म्हणून लिहिलं त्याची सगळ्यात जास्त वाटते. तो मला देव समजून खाली बसला आहे.

तू काय करावंस हे सांगायचा मला हक्क नाही.

महादेव


हिंगणा, २ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमचं पत्र ३० तारखेला मिळालं. मी ते वाचून शेडच्या मागे जाऊन खूप रडले. तुमचा राग आला आणि तुमच्याजवळ येऊन बसावंसंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

३१ तारखेला ओमप्रकाशजी आले. मी आधी सुमतीचं सांगितलं. सरदाराचा दोष नाही, चाळणी मी लावली, माझ्या हाताने, असं सांगितलं. मग पाटी दाखवली. नऊ खाली, पाटीवर दहा. हर्षित भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ओमप्रकाशजी खुर्ची ओढून पाटीसमोर बसले. साडेबारा झाले, ठिपका कोनाड्याजवळ गेला. त्यांनी विचारलं, "हा कोण आहे?" मी तुमचं नाव घेतलं नाही. म्हटलं, हा कोण आहे ते सांगणारा माणूस आहे, तो आला तर येईल. ते म्हणाले, सहा खाणींचं काम तुम्हाला देता येणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. खरंच बरोबर आहे, मामा. आमच्यातल्या दोघांनी काल राजीनामे दिले. हर्षित अजून आहे. रोज म्हणतो जातो आणि रोज येतो.

आता तुमचं. जिजाबाई आहेत, सुमतीने पत्ता काढला. पण मी तुमच्या वतीने जाणार नाही. तुमच्या वतीने कुणालाही जाता येणार नाही. तुम्ही जा.

मयुरा


सावनेर, ११ फेब्रुवारी

चि. मयुरा,

जाऊन आलो.

घर लहान आहे, सारवलेलं. जिजाबाई पांढऱ्या केसांची झाली आहे, कपाळावर कुंकू रुपयाएवढं. मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं तेव्हा तिने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो घेतला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, बैल धुवायचे होते तेही सांगितलं. काही गाळलं नाही. टोकन तिच्यासमोर ठेवलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "म्हणजे थो पयाला नव्हता." मी म्हणालो, नाही, पळाला नव्हता. पुन्हा तेच विचारलं, पुन्हा मी नाही म्हटलं. मग म्हणाली, "सत्तावीस वर्सं मी त्याले शिव्या देल्ल्या बाबू. रोज देल्ल्या. थ्या कुठं ठेवू आता मी?"

मी तिथेच जमिनीवर बसलो.

निघताना ती म्हणाली, तिला त्याला वर आणायचं आहे, माझ्या माफीचं तिला काही करायचं नाही. म्हणून काल पोलिसात आणि खाणीच्या ऑफिसात दोन्हीकडे लेखी जबाब दिला. ड्रॉवर, दिवे, सही, सगळं. ते पुढे काय करायचं ते करतील. रोज सकाळी बसने चिचटोल्याला जाऊन डोलीशी बसायचं ठरवलं आहे. रुपराव त्या दिवशी दक्षिण बाजूच्या कुठल्या वळणावर कामाला होता हे आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

महादेव


हिंगणा, २० मार्च

ती. मामा, नमस्कार.

तुम्ही रोज डोलीशी भेटत होतात तेव्हा पत्राची गरज नव्हती. परवा तुम्ही तापाने घरी राहिलात आणि नेमकं सगळं त्याच दिवशी झालं, म्हणून लिहिते.

पाच आठवड्यांच्या पंपांनंतर दक्षिण बाजूचं पाणी परवा उतरलं. तुम्ही खूण केली होती त्याच वळणावर रुपराव सापडले. टोपी होती, दिव्याच्या पट्ट्यावर २१७ वाचता आलं. दोन चाळीसला त्यांना वर आणलं. जिजाबाईंनी पाळण्याची साखळी धरून ठेवली होती, कुणी सोडवली नाही. त्यांनी तिथेच कपाळ पुसलं, आणि मग मोठ्याने रडल्या. सुमती त्यांना घट्ट धरून उभी होती. ओमप्रकाशजी पायातले बूट काढून उभे होते. पाटीवरचा दहावा दोन चाळीसलाच गेला. मी स्वतः पाहिलं. हर्षितने हात जोडले.

काल मी समाधानाने कामाला लागले. शोध संपेपर्यंत थांबा असं कंपनीने आम्हाला सांगितलं आहे, म्हणून दक्षिण बाजू कोरडी होताच तिथेही पकडयंत्रं लावली. सुरू करायच्या आधी हर्षितने विचारलं, "चाळणी?" मी म्हटलं, कधीच नाही.

आज सकाळी नऊ जण खाली गेले. नावं मी स्वतः घेतली, डोकी मी स्वतः मोजली. पाटी अकरा दाखवते आहे.

दोघं आहेत. बिननंबरी. एक पार दक्षिणेच्या टोकाशी, एक जुन्या पंपाजवळ. तीनला पाळी सुटली तेव्हा दोघंही डोलीतळाशी येऊन उभे राहिले, एकामागे एक, रांगेत.

मामा, माणूस खाली असताना 'सर्व वर' तुम्ही एकदाच लिहिलं होतं. मी रागाने विचारत नाही. एकदाच ना?

मयुरा


सावनेर, २२ मार्च

चि. मयुरा,

एकदाच. जिजाबाईच्या पायाची शपथ, माझ्या पाळीत एकदाच.

पण बत्तीघरात आम्ही तिघं बाबू होतो, आणि ड्रॉवर एकच होता. पुंडलिक वारला त्याला नऊ वर्षं झाली. ताराचंद सावनेरातच आहे, बस-स्टँडमागे, नातवंडांत. गेली वीस वर्षं आम्ही रोज संध्याकाळी एकत्र चहा पितो, आणि चिचटोल्याचं नाव दोघांपैकी कुणीही कधी काढलेलं नाही. मला वाटायचं, तो माझी लाज राखतो.

ताप उतरला आहे. तुझं पत्र घेऊन आता त्याच्याकडेच निघालो आहे. पाटी बंद करू नको.

महादेवमामा